मापाची तिसरी चिठ्ठी

चिठ्ठी नेहमीसारखी बॉबिनच्या डब्याखालीच ठेवलेली होती. अक्षर मात्र मैथिलीचं नव्हतं. मृणालिनीने डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मशीनपाशी उभ्याउभ्याच वाचलं. छाती बत्तीस, कंबर सव्वीस, खांदा साडेतेरा, उंची अडतीस. आणि अगदी खाली, मागाहून आठवून लिहिल्यासारखं, डावा खांदा अर्धा इंच खाली. नाव नाही. नाव नसायचंच, तो पोरींचा नियम होता. पण आधीच्या दोन चिठ्ठ्या तिच्या लेकीच्या गोलगोल, तुपात बुडवून काढल्यासारख्या अक्षरात होत्या, आणि ह्या चिठ्ठीतले आकडे टोकदार होते, दोनाच्या शेपटीला काटा फुटलेला. हे अक्षर सातव्या मजल्यावरच्या दियाचं. दियाने कशाला लिहावं? काही नाही, मैथिलीचं दहावीचं वर्ष, असेल अभ्यासात. कुकरची शिट्टी झाली म्हणून मृणालिनी आत गेली, गॅस बंद केला, परत आली, आणि येईपर्यंत तळहाताला घाम सुटलेला होता. एसी तर चोवीसवर होता.

गोष्ट तशी हसण्यावारी न्यावी अशीच होती. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर राहायला आल्यापासून समोरासमोरच्या दोन टॉवरमधल्या पाच पोरींना जपानी गाण्यांचं वेड लागलं होतं. आभा, रशीदा, मधू, दिया आणि मैथिली. कॉम्प्युटरवर चाळीस चाळीस जपानी मुली एका मापाच्या झग्यात एकदम उडी मारायच्या आणि एकदम खाली यायच्या. मृणालिनीला सगळ्या सारख्याच दिसायच्या, पण मैथिली त्यांची नावं, रंग, आवडती आइस्क्रीमं सांगायची. प्रत्येकीचा एक रंग. अंधारात हजारो बाप्ये माणसं त्या त्या रंगाच्या दिव्याच्या कांड्या हलवायची आणि गाण्याच्या नेमक्या जागी एका सुरात नाव पुकारायची. आरतीत टाळी कुठे बदलायची हे जसं कुणी कुणाला शिकवत नाही, तसं. एवढं तिला समजलं, म्हणजे बाकीचंही समजल्यासारखं झालं. मग पोरींनी स्वतःचे पाच रंग ठरवले, मैथिलीने जांभळा घेतला, आणि झगे शिवायचं काम ओघानेच मृणालिनीकडे आलं. ती कुठल्या क्लासला गेली नव्हती. जुनी पोलकी उसवून उसवून शिकली होती. कपडा कसा जोडलाय ते तो फाडल्याशिवाय कळत नाही, असं तिचं मत होतं, आणि ते फक्त कपड्यापुरतं नव्हतं. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर पाच जणी नाचल्या तेव्हा पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले होते, "छान, छान. पण आता एखादी लावणी होऊ दे." तेव्हा पाच होत्या.

कॉम्प्युटरवरच्या दोन गोष्टी मात्र तिला बघवायच्या नाहीत. एक म्हणजे कार्यक्रमानंतरची रांग. त्या मुलींशी हात मिळवायला माणसं तास तास उभी राहायची, आणि हात हातात आला की तीन सेकंद. मुलीच्या बाजूला काळ्या कपड्यातला एक माणूस उभा असायचा, तो खांद्यावर हात ठेवून पुढे सरकवायचा. ढकलायचा नाही, सरकवायचा. मुलगी तोवर पुढच्याकडे बघून हसत असायची. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ग्रॅज्युएशन. गट सोडून जाणाऱ्या मुलीला तिथे 'गेली' म्हणत नाहीत, 'ग्रॅज्युएट झाली' म्हणतात. स्टेजवर तिने स्वतः सांगेपर्यंत कुणाला कळता कामा नये. त्या दिवशी ती पांढरा झगा घालते, सांगते आणि हसते. नंतरच्या एका गाण्यात तिची रांगेतली जागा मोकळी ठेवतात, बाकीच्या त्या मोकळ्या जागेला वळसा घालून नाचतात. "रडत नाहीत का गं?" तिने विचारलं होतं. "नॉट अंटिल दि एंड, मम्मी. दॅट्स द रूल."

नियम आपल्या घरात आला तो आभाच्या वेळी. पहिली चिठ्ठी. मृणालिनी मीना बाजारमधून पांढरं सॅटिन घेऊन आली, पंचेचाळीस दिरहॅम मीटर, म्हणजे साडेपाचशे रुपये, दुकानदाराशी घासाघीस करताना मजाच वाटली. माप तिने ओळखलं, आभाचंच, वहीत होतं. शिवताना सवयीने दोन्ही बाजूंना अडीच अडीच इंच माया, जास्तीचं कापड, आत दुमडून ठेवली, पोरी वाढतात. आठवड्याने आभाने स्टेजवर, म्हणजे टॉवरच्या पार्टी हॉलमध्ये, हसत हसत सांगितलं, आणि आभाची आई खुर्चीत ताडकन उठून उभी राहिली, कारण तिला माहीतच नव्हतं. नोकरी गेल्याचं नवऱ्याने घरी सांगितलं नव्हतं. पोरीने दाराआडून ऐकलं होतं. झगा धुऊन, इस्त्री करून परत आला. वर चिकटवलेली चिठ्ठी: पुढच्या मुलीसाठी. पुढच्या. तो शब्द वाचून मृणालिनी थोडी हसली होती, आणि मग हसू तोंडावर तसंच राहून गेलं, कुणी खाटेवर टाकलेल्या ओल्या टॉवेलसारखं.

दुसरी चिठ्ठी रशीदाची. उंच पोरगी, झगा सगळीकडून सोडावा लागला. सॅटिनचं एक असतं, सुई एकदा गेली की भोक राहतं. आभाच्या शिवणीची टिंबं रशीदाच्या कमरेवर तशीच दिसत राहिली. त्यानंतर चौथ्या दिवशी खाली सुपरमार्केटशेजारच्या दुकानात रशीदाची आई भेटली. खतीजा, हैदराबादची, हाताला चव असलेली आणि मोठ्याने हसणारी. ती पडदे निवडत होती. "मृणालिनी, तुम बोलो. ये ब्लू अच्छा, या वो बदामी?" मृणालिनीच्या पर्समध्ये तेव्हा झग्याला लावायची चेन होती. तिला दिसत होतं की हिला काहीच माहीत नाही. सांगायचं काय पण? पोरींच्या खेळातल्या झग्यावरून? बहन, पडदे मत लो, तुम्हारी लड़की का नाप आया है? ती म्हणाली, "ब्लू." खतीजाने ब्लू घेतला. व्हिसा रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. ते लोक सव्विसाव्या दिवशी गेले. समोरच्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर तो निळा पडदा अजून लटकतो आहे. मागे घर रिकामं. सकाळी चहा घेताना मृणालिनी हल्ली खुर्ची फिरवून बसते. मग नजरेसमोर अर्धवट राहिलेली इमारत येते आणि तिच्यावरची क्रेन, दीड वर्षात एकदाही न हललेली. टोकावर लाल दिवा मात्र रोज लागतो. तो कोण लावतं, कुणास ठाऊक.

तर आता ही तिसरी. राहिल्या तिघी. तिने वही काढली. मधूचं माप तीस, दियाचं चौतीस. बत्तीस कुणाचंच नाही. मैथिलीचं पान वहीत नव्हतं, कारण मैथिलीला तिने कधी टेप लावलीच नव्हती. मृणालिनीची आई म्हणायची, आपल्या लेकराला माप लावू नये, देवाने दिलंय तेवढ्यावर खूण केल्यासारखं होतं. अंधश्रद्धाच, पण पंधरा वर्षं मृणालिनीने पोरीचं सगळं नजरेच्या मापावर शिवलं आणि कधी चुकलं नाही. अगदीच वाटलं तर जुना फ्रॉक कापडावर ठेवून कापायची. मधू वाढली असेल, तिने ठरवलं. मधूची आई कालच म्हणत होती, पोरगी हाताबाहेर वाढतेय. ठरवल्यावर बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली, पण लाजेखाली ते बरं वाटणं जागचं हललं नाही. तिने झगा उलटा केला आणि रशीदाच्या शिवणी उसवायला घेतल्या. आता मधूचे बाबा. बिचारे. एवढे शांत गृहस्थ. ती मनातल्या मनात त्यांचं सामानही बांधायला लागली.

गुणवंत त्या दिवशी लवकर आला. तो एका डेव्हलपर कंपनीत प्लॅनिंगला होता. म्हणजे इमारत कधी पुरी होईल ते कागदावर लिहायचा. दोन वर्षांपूर्वी दुबईत बाजाराची पडझड झाली तेव्हापासून त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "दुबईचं सोड. अबू धाबीत तेल आहे." त्याने बूट काढता काढता हसत हसत सांगितलं, "ऐक, जुन्या साहेबांचा फोन होता. रुवैसला ये म्हणतात. रिफायनरीत जागा आहे."

"मग?"

"मग काय? रुवैस! अडीच तास नुसती वाळू. शेवटी वास मारणारी चिमणी. मैथिली काय करेल तिथे, उंटाबरोबर जपानी नाच? गुरुवारपर्यंत कळवायचंय. नाही म्हणून टाकतो."

"लगेच नको म्हणूस."

"का गं? तुला जायचंय रुवैसला? इथे समुद्र दिसतो म्हणून माहेरी फोटो पाठवतेस."

तो पाणी पीत खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठमोरा. पांढरा शर्ट, ऑफिसच्या घामाने पाठीला चिकटलेला. आणि मृणालिनीच्या हातातली कात्री थांबली. त्याचा डावा खांदा खाली होता. अर्धा इंच. सतरा वर्षं ती त्याच्या शर्टांना इस्त्री करत होती. डावी बाही लांब पडते म्हणून बटण आत सरकवून देत होती. ती लॅपटॉपच्या बॅगेला दोष द्यायची. लग्नाच्या फोटोतही तो असाच उभा होता, एका बाजूने कुणीतरी हलकेच दाबल्यासारखा, आणि तेव्हा तर लॅपटॉप नव्हता. ही माणसाची ठेवण असते, ती बापाकडून येते.

मैथिली चारला शाळेतून आली तेव्हा गुणवंत आत झोपला होता. दारात उभी राहून बॅग उतरवली, आणि बॅग उतरवल्यावरही खांदा वर आला नाही. इतके दिवस दिसला कसा नाही? नजरेच्या मापात फक्त आपल्याला हवं तेवढंच मावतं की काय? मृणालिनीने गळ्यातली टेप काढली.

"हात वर कर."

"व्हॉट? मम्मी, आय ॲम स्वेटी."

"कर म्हणते ना."

पोरीने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्याने हात वर केले. बत्तीस. सव्वीस. टेप थंड होती, पोरीच्या अंगावर काटा आला. साडेतेरा. कधी झाली ही एवढी? देवाने दिलंय तेवढ्यावर खूण. मृणालिनीने टेप गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"यू वेरन्ट सपोज्ड टु नो," मैथिली हळूच म्हणाली. "आय कुडन्ट राइट माय ओन. सो दिया रोट इट."

"कुणी सांगितलं तुला?"

"दिया सॉ द लिस्ट. तिच्या पपांच्या लॅपटॉपवर. बाबा इज नंबर इलेव्हन."

दियाचे पपा म्हणजे सुजीत. गुणवंतच्याच कंपनीत, एचआरला. शुक्रवारी ज्याच्या घरी मिसळ व्हायची, जो हिला वहिनी वहिनी म्हणत दुसऱ्यांदा कट मागून घ्यायचा, तो. अकरा नंबर. म्हणजे अकरा नावं टाइप करताना मध्ये कुठेतरी तो पाणी प्यायला उठला असेल, आणि परत येऊन बसला असेल.

"आणि बाबांना?"

"ही डझन्ट नो. मम्मी, यू कान्ट टेल. दियाला मारतील तिचे पपा. शी ट्रस्टेड मी." मग एकदम लहान होऊन, मराठीत, "बोर्डाची परीक्षा इथेच देता येईल ना गं?"

परीक्षा मार्चमध्ये. हा जानेवारी. तीस दिवस. मृणालिनीने बोटांवर मोजलं नाही, बोटं आपसूकच हलली. "येईल," ती म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार. "जा, तोंड धू. पोहे केलेत." पोरगी गेली, आणि बाथरूमच्या दाराआडून नळाच्या आवाजावर त्या जपानी गाण्याची धून ऐकू यायला लागली, पाणी मोठं सोडलेलं होतं, पण धून मध्येच तुटत होती हे आईला कळायला पाणी आड येत नाही.

दोन दिवस ती शिवत राहिली आणि गप्प राहिली. सुई वर, सुई खाली. पोरीने शब्द दिलेला. तो मोडला तर दिया अडकणार, आणि मैथिलीचा विश्वास जाणार तो निराळाच. नाही मोडला तर गुरुवारी गुणवंत रुवैसला नाही म्हणून मोकळा होणार. रुवैसला गेलं तरी हा झगा लागणारच होता म्हणा. पण तिथून परत यायला निदान अडीच तासांचा रस्ता तरी होता, परीक्षा तरी झाली असती. बुधवारी चहाच्या वेळी खुर्ची फिरवायची राहिली आणि समोर निळा पडदा आला. त्याला मध्ये एक चुणी पडली होती, कुणीतरी मागून मूठ धरल्यासारखी. ब्लू, ती म्हणाली होती. एवढाच एक शब्द. सुजीतला शिव्या घालायला मन निघालं की वाटेत तो पडदा आडवा यायचा. तोही असाच म्हणाला असेल स्वतःशी, सांगायचं काय पण.

गुरुवारी गुणवंत अर्ध्या दिवसाने घरी आला. जेवायला बसला, लॅपटॉप उघडून ताटाशेजारी ठेवला. "तेवढं साहेबांना नाही कळवून टाकतो, मग निवांत."

"नको कळवूस," मृणालिनी म्हणाली. "रुवैसला हो म्हण. तुमच्याकडे लिस्ट झालीय. तुझं नाव आहे."

तो हसला. खराच हसला, घास तोंडात असताना. "कुणी सांगितलं? शिलाई मशीनने?"

"हो. तसंच समज."

"मृणाल, अगं कसलं नाव? कालच मला पुढच्या वर्षीचा प्रोग्रॅम करायला दिलाय."

"आभाच्या बाबांनाही दिला होता."

आता तो हसायचा थांबला. बोटाला लागलेलं वरण त्याने सावकाश चाटलं. "हे बघ, असं काही असतं तर सुजीतने मला पहिलं सांगितलं असतं. थांब, तुझ्यासमोर विचारतो." आणि तिने हात धरायच्या आत त्याने फोन लावला, स्पीकरवर ठेवला, वाटीला टेकवून. "सुज्या, अरे तुझी वहिनी घाबरलीय. म्हणते लिस्टमध्ये माझं नाव आहे. सांग रे बाबा तिला."

फोनमध्ये मागे कुठेतरी प्रिंटर चालत होता, कागदामागून कागद बाहेर पडल्याचा आवाज. मृणालिनीने मोजलं. एक, दोन, तीन. मग सुजीतचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा, "काय वहिनी, कुछ भी! मिसळ कधी करताय ते सांगा. सगळं ठीक होईल हो. इन्शाल्ला."

"ऐकलंस?" गुणवंत म्हणाला. त्याने डाव्या हाताने चार ओळी टाइप केल्या आणि पाठवून दिल्या. तिने ऐकलं होतं. आठ वर्षांत सुजीतच्या तोंडून तिने कधी इन्शाल्ला ऐकला नव्हता. तो चलाच्या जागी यल्ला म्हणायचा, संपलंच्या जागी खलास, कुणालाही हबीबी म्हणायचा. देवावर कधी काही टाकायचा नाही. आणि ठीक आहे नाही म्हणाला. ठीक होईल म्हणाला. ती ताटं उचलून ओट्याशी गेली. खरकटं काढलं, घासली, पुसली, आणि मशीनवर येऊन बसली. झग्याचं एकच काम राहिलं होतं. डाव्या खांद्यात तिने कापसाची पातळ पट्टी घातली, अर्ध्या इंचाची. आता झगा घातल्यावर दोन्ही खांदे सारखे दिसणार होते. समोरच्याला काही कळणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी पार्टी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, मागच्या वेळेपेक्षा कमी, आणि तरी काही रिकाम्या. पडदे ओढून अंधार केलेला. दाराशी दियाची आई अनुराधा कांड्या वाटत होती. गुणवंतने जांभळी घेतली, बटण दाबून बघितलं, आणि पोरासारखा खूष झाला. पहिल्या दोन गाण्यांना मधू आणि दिया दोघीच नाचल्या. "मैथिली कुठाय?" गुणवंतने विचारलं. मग ती आली, पांढऱ्यात. कमरेवर आभाची टिंबं होती, रशीदाची टिंबं होती. दिव्यात ती टिंबं फक्त मृणालिनीला दिसली. खांदे सरळ होते.

"हाय एव्हरीवन," मैथिली माइकमध्ये म्हणाली, आणि हसली, त्या जपानी मुली हसतात तशी, सगळे दात दिसतील इतकी. "आय हॅव ॲन अनाउन्समेंट. धिस इज माय लास्ट स्टेज. आय विल बी ग्रॅज्युएटिंग टुडे. थँक यू फॉर सपोर्टिंग मी."

टाळ्या एकदम आल्या नाहीत. गुणवंत हसतच मृणालिनीकडे झुकला, "अभ्यासासाठी का? चांगलंय की." बोलता बोलता त्याला ऐकू आलं, की आजूबाजूला कुणी हललेलं नाही. ह्या हॉलमध्ये पांढरा झगा दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही घरं आता इथे नव्हती, हे प्रत्येकाला पाठ होतं. मृणालिनीला त्याच्या बाजूला बघायचं नव्हतं, पण जांभळा उजेड थरथरला म्हणून बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुजीतच्या मानेकडे बघत होता. सुजीत हातातल्या कांडीचं बटण बंद करत होता, चालू करत होता, बंद करत होता. शेवटच्या गाण्यात दोघी जणी मधली जागा सोडून नाचल्या. मैथिली बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती, हसत.

मग रांग. प्रत्येक वेळी असायची. कागद अंथरलेलं टेबल, मागे पोरी, आणि काळा टी-शर्ट घालून सुजीत, कारण पहिल्यांदा त्यानेच हौसेने मागून घेतलं होतं ते काम. "यल्ला यल्ला, तीन सेकंद, हबीबी, फुकटात हात धरून काय बसलाय!" सगळे किती हसले होते. आजही टी-शर्ट काळाच होता. यल्ला मात्र येत नव्हता. तो नुसता खांद्याला हात लावत होता आणि माणसं पुढे सरकत होती. मृणालिनीचा नंबर आला. लेकीचा हात गार होता आणि ओला. "थँक यू फॉर कमिंग," मैथिली आईला म्हणाली, परक्याला म्हणावं तसं, कारण नियम होता, आणि हनुवटी अशी हलली की मृणालिनीने तो हात आणखी घट्ट धरला. परीक्षेचं काहीतरी सांगायचं होतं. झग्याला माया अजून आहे, फेकू नकोस, असं काहीतरी. तेवढ्यात खांद्यावर बोटं आली. ढकलली नाहीत.

"चला, वहिनी," सुजीत म्हणाला. इतक्या हळू, की ते विनंतीसारखं वाटलं.

ती सरकली. तिच्या मागे गुणवंत होता. त्याने मैथिलीचा हात धरला, तिच्या सरळ खांद्यांकडे बघितलं, मग हात आपणहून सोडला. पुढे गेला नाही. वळला, आणि तोच हात सुजीतपुढे धरला. "काँग्रॅच्युलेट कर की रे," तो म्हणाला. त्याचा आवाज चांगला होता, मिसळीच्या दिवसासारखा. सुजीतने बराच वेळ त्या हाताकडे बघितलं आणि मग तो हातात घेतला.

मृणालिनीने सवयीने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मागे रांग थांबली होती, मधूचे शांत बाबा चुळबुळत होते, टेबलामागे तिघी पोरी हसत उभ्या होत्या आणि दियाचे डोळे डबडबले होते. सात. आठ. गुणवंतच्या दुसऱ्या हातात जांभळी कांडी तशीच पेटलेली होती, त्याचा डावा खांदा खाली गेला होता, आणखीच खाली. अकरा झाले. सुजीत मान वर करत नव्हता आणि हात सुटत नव्हता, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुढे सरकवायला मागे कुणीही उभं नव्हतं.